सगळं येतं, पण माझं काय?

«ताई, मी अठ्ठावीस वर्षांची, मूळची ठाण्याची. सतराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर युरोपात आले. गेली सहा वर्षं जर्मनीतल्या एका शहराच्या थिएटरमध्ये बॅले नाचते. डिसेंबरात ‘नटक्रॅकर’, फेब्रुवारीत अनवाणी आधुनिक नृत्य, मधेच ऑपेरेटात, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकात, वॉल्ट्झ. कुणी जखमी झालं की संध्याकाळच्या प्रयोगाला मीच. ‘हिला काहीही द्या, ही करते,’ असं सगळे म्हणतात, पण माझ्या नावावर एकही भूमिका नाही. पुढच्या सीझनला आधुनिक काम करणारी नवी बॅले डायरेक्टर येतेय. तिनं काहींना काढलं, मला ठेवलं. एका फ्रीलान्स ग्रुपनंही बोलावलंय. आई म्हणते, एक ना धड भाराभर चिंध्या. बॅले सोडून आधुनिकच धरू का?»
– सगळं येणारी

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी घुसमट क्लासिकल की आधुनिक या प्रश्नातून आलेली मला दिसत नाही. ती आलीय त्या संध्याकाळच्या बदली प्रयोगांतून. दुपारी फोन येतो. लॅपटॉपवर व्हिडिओ बघायचा, कॉरिडॉरमधून हातांनीच स्टेप्स मोजत फिरायचं, दुसरीच्या मापाचा ड्रेस हुकांच्या वेगळ्या रांगेत अडकवायचा आणि चूक न करता बाहेर यायचं. हे जमणारी नर्तकी कुठल्याही थिएटरला सोन्यासारखी वाटते. पण त्या प्रत्येक संध्याकाळी तू दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरावर बेतलेलं नाचतेस. सहा वर्षं हेच केल्यावर ‘माझं काय?’ असं वाटणारच.

म्हणून आधुनिकच धरलंस तरी दुखणं तसंच राहील. तिथेही दुसऱ्या कास्टमध्ये, म्हणजे बदली संचात, उभं राहता येतंच की!

फ्रेंच बॅले नर्तकी सिल्वी गियेमचं उदाहरण घे. ती मुळात जिम्नॅस्ट. 1984 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पॅरिस ऑपेरानं तिला एत्वाल केलं, म्हणजे तिथल्या नर्तकांतला सर्वोच्च दर्जा दिला. 1987 मध्ये कोरिओग्राफर विल्यम फोर्साइथनं तिथे ‘इन द मिडल, समव्हॉट एलेव्हेटेड’ बसवलं, तेव्हा ती त्या मूळ नर्तकांत होती. पुढे 1989 मध्ये ती लंडनच्या रॉयल बॅलेत गेली आणि 2006 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, कथकमध्ये तयार झालेल्या अक्रम खानबरोबर ‘सेक्रेड मॉन्स्टर्स’ केलं. पन्नासाव्या वर्षी, 2015 च्या अखेरीस, थांबली. तिच्यासारखी प्रतिभा विरळा, हे मलाही मान्य आहे. तरी तिच्या वाटेतली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे: काम रचलं जात असताना ती त्या खोलीत होती. चौफेर असण्याला तिथे वजन येतं. कोरिओग्राफर तुझ्याकडे बघून पाऊल बदलतो, आणि तू गेल्यावर ती भूमिका दुसरीला तुझ्यावरून शिकवतात.

आणि हल्ली तर तुझ्यासारख्यांचीच गरज आहे. कोरिओग्राफर क्रिस्टल पाइटनं 2017 मध्ये रॉयल बॅलेसाठी ‘फ्लाइट पॅटर्न’ हे आधुनिक काम केलं ते 36 नर्तकांवर. तेच नर्तक एरवी ‘स्वान लेक’सारखं क्लासिकल बॅलेही नाचतात. तुझ्या नव्या डायरेक्टरनं तुला उगाच ठेवलं नसणार.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते: पुढचा सीझन तिथेच कर, पण आजवरसारखा नको. ती आली की पहिल्याच आठवड्यात वेळ माग आणि सरळ विचार, ‘तुमच्या पहिल्या नव्या कामात मी पहिल्या कास्टमध्ये, सुरुवातीपासून खोलीत असू शकेन का?’ मोठा सोलो मागू नकोस. चार मिनिटांचं ड्युएट चालेल, पण ते तुझ्यावर रचलेलं हवं. सोबत हेही सांग की एकाच आठवड्यात अनवाणी फ्लोअरवर्क (जमिनीवरच्या हालचाली) आणि पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक बूट) असतील, तर मधे एक दिवस लागेल. तळव्याची सोललेली कातडी आणि भरलेल्या पोटऱ्या घेऊन पॉइंटवर चढणं काय असतं, ते तू मला सांगायला नको. नेहमी ‘हो’ म्हणणाऱ्या मुलीच घोट्याला दुखापत करून बसतात, याची मला खरंच काळजी वाटते.

तुमच्याकडे, जर्मन थिएटरांत, करार वाढवायचा नसेल तर 31 ऑक्टोबरपर्यंत कळवायचं असतं, आणि हे तुलाही लागू आहे. तोवर तिच्या पहिल्या तालमी झालेल्या असतील. तिनं तुला पुन्हा बदली म्हणूनच वापरलं, तर त्या तारखेच्या आत निघायचं ठरव. मग मी तुला थांबवणार नाही.

आईवर रागावू नकोस. लेकीच्या हातात वर्षावर्षाचा करार बघून कुठल्याही आईचा जीव खालीवर होणारच. तिला चिंध्यांवर उत्तर देत बसू नकोस, एक पक्की गोष्ट सांग. बर्लिनची ‘श्टिफ्टुंग टान्स’ 2010 पासून नर्तकांना नाच थांबल्यानंतरच्या शिक्षणासाठी आणि कामासाठी सल्ला देते. तिथे आत्ताच, नाचत असतानाच, एकदा बोलून ये आणि काय कळलं ते आईला फोनवर सांग.

फ्रीलान्स ग्रुपला नकार कळवायची घाई नको. त्यांना आधी लेखी विचार: वर्षातले किती आठवडे पगार, तालमींचे पैसे मिळतात की फक्त प्रयोगांचे, दुखापत झाली तर खर्च कुणाचा, आणि रोजचा क्लास, म्हणजे सराव, कुठे? या शेवटच्यावर ते गडबडले, तर तिकडे जाऊ नकोस.

– तुझी ताई