‘छान आहे’ म्हणणारे आणि परत न येणारे

प्रश्न : गंगापूर रोडला माझं मिसळीचं छोटं हॉटेल आहे. गुगलवर ४० अभिप्राय, सरासरी ४.६. परवा एकाने एक तारा देऊन लिहिलं, ‘रस्सा म्हणजे गरम पाणी.’ झोप उडाली आहे. सडेतोड उत्तर देऊ का?

आधी हिशेब करू. या एका ताऱ्याने तुमची सरासरी ४.६ वरून ४.५ झाली. पुढच्या चार गिऱ्हाइकांनी पाच-पाच तारे दिले की आकडा पुन्हा ४.६ दिसेल. म्हणजे दुकान काही बुडत नाही. पण रस्सा खरोखर पाण्यासारखा झाला असेल, तर तो त्या एकाच माणसाच्या ताटात गेला नसणार.

तो कधी आला होता, ते शोधा. रविवारी साडेअकराला आला असेल, तर मला वेगळाच संशय आहे. सकाळच्या पातेल्यातली तर्री पहिल्या ताटांबरोबर निघून जाते. मग गर्दी वाढली की आतला पोऱ्या पाणी ओतून रस्सा ‘वाढवतो’. तुम्ही गल्ल्यावर बसलेले, तुम्हाला कळणार कुठून? त्या वेळचा रस्सा एकदा स्वतः ताटात घेऊन बसा. गर्दीच्या दिवशी दुसरं पातेलं वेगळी फोडणी देऊन तयार ठेवा.

उत्तर द्याच, पण दोन ओळींचं : चूक कळली, अमुक बदललं, पुन्हा या. रात्री अकराला लिहू नका. तुमचं उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढच्या रविवारी कुठे जायचं ते ठरवणारे जास्त वाचतात.

प्रश्न : पाच तारे देणाऱ्याला बिलात दहा टक्के सूट दिली तर?

नको. सवलतीच्या बदल्यात अभिप्राय घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. शिवाय विकत घेतलेल्या कौतुकातून तुम्हाला काहीच कळणार नाही.

प्रश्न : कॉलेज रोडला राहते, घरून फराळ विकते. सोसायटीतल्या सगळ्याजणी म्हणतात, ‘काकू, तुमच्या चकलीला तोड नाही.’ दिवाळीत ३० घरांच्या ऑर्डर होत्या, नंतर शुकशुकाट. कुठे चुकतंय?

ताई, मला तुमच्या तक्रारींपेक्षा तुमच्या कौतुकाची काळजी वाटते. आपल्याकडे शेजारणीला तोंडावर ‘चकली वातड होती’ असं कोण सांगतं? वाटीभर चव बघायला मिळाली की ‘छान’ म्हणायचं, ही रीतच आहे. ती रीत सोडू नये, पण तिला बाजारभावही समजू नये.

वहीत दोन रकाने करा : कोणी पैसे देऊन घेतलं, आणि त्यातलं कोणी सण नसताना पुन्हा मागितलं. दुसऱ्या रकान्यात चारच नावं निघाली, तर त्या चौघींना फोन करा. ‘आवडली का?’ विचारलंत तर पुन्हा ‘छान’च येईल. ‘पाकीट किती दिवसांत संपलं? शेवटची चकली कशी लागली?’ असं विचारा. सादळली होती असं कळलं, तर कोमट असतानाच पाकीटबंद केली असेल, किंवा पाकीट नीट बंद होत नसेल. अर्धा किलो घरात दोघांना संपत नाही असं कळलं, तर पाव किलोचं पाकीट काढा. मोहन कमी-जास्त करून दोन घाणे एका हळदीकुंकवाला ठेवा. कुठला कुठला ते सांगू नका, कुठलं ताट आधी रिकामं होतं तेवढं बघा.

माझंच सांगतो. मी बरीच वर्षं लग्नपत्रिका छापायचो. एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली. गिऱ्हाईक भांडलं नाही, पैसे चुकते केले, ‘काम सुबक आहे’ म्हणालं. धाकट्या मुलीची पत्रिका मात्र दुसरीकडे छापली. त्या दिवशी त्याने आरडाओरडा केला असता, तर दोन कामं वाचली असती.

प्रश्न : अंबडला सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशिनवर) कंपन्यांचे सुटे भाग करून देतो, जॉबवर्क. कंपनीकडून येते ती फक्त रिजेक्शन नोट. या वेळी ५०० पैकी १२ नग परत, बोअर (आतलं भोक) लहान. चांगल्या कामाबद्दल कधी एक शब्द नाही. मन उडालंय.

तो शब्द येतो, पण वेगळ्या रूपात. नवीन पार्टचं ड्रॉइंग कोटेशनला तुमच्याकडे आलं, तर ती शाबासकी समजा.

आता १२ नगांचं. ते कोणत्या क्रमाचे होते? सगळे लॉटच्या शेवटचे असतील, तर इन्सर्ट (मशिनचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजल्याचा संशय घ्या. बोअरिंगमध्ये टोक झिजलं की बोअर लहान होत जातो आणि प्लग गेजची (भोक तपासायच्या मापाची) ‘गो’ बाजू, जी आत जायलाच हवी, ती आत जात नाही. पंचवीस नगांमागे एकदा गेज लावायला सांगा आणि इन्सर्ट नेमक्या कितव्या नगाला बदलायचा ते मशिनवर लिहून ठेवा. ऑपरेटरला चारचौघांत झापू नका. पुढच्या वेळी तो खराब नग दाखवणार नाही, लपवेल.

आणि ४८८ नग पास झाले, ते कोणाच्या पाळीत झाले तेही बघा. त्या माणसाला नाव घेऊन सांगा. कंपनी तुम्हाला सांगत नाही म्हणून तुम्हीही सांगायचं नाही, असं थोडंच आहे?

प्रश्न : भांडी बाजारात वडिलोपार्जित दुकान. वडील गिऱ्हाइकासमोरच माझ्या चुका काढतात.

दुकान बंद करून घरी जाताना विचारा, ‘आण्णा, आज काय चुकलं?’ रोज विचारा. दिवसभराचं सगळं संध्याकाळी ऐकून घेणारं कोणी आहे म्हटल्यावर दुपारचं बोलणं बऱ्यापैकी कमी होतं. तरी नाहीच झालं, तर एकदा स्पष्ट सांगा : भाव माझा चुकला तर पायावर पाय द्या, बोलू नका.