मटकी वेगळी, राजमा वेगळा

कधी दाण्याचा लगदा होतो, कधी दाणा कच्चा राहतो, असं होतंय ना? मग सगळी कडधान्यं एकाच मापाने शिजवू नका, तुमचा घोळ तिथेच होतोय. मटकी नाजूक. मोड आले की कुकर नकोच; फोडणीत परता, गरम पाणी घाला, झाकण ठेवा, 10-12 मिनिटांत होते. मिसळीत दाणा अख्खा दिसायला हवा, आपल्या नाशिकात तेवढं बघतातच.

राजम्याचं उलट. निदान 8 तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात, कुकरमध्ये, बोटाने सहज चेपेल इतका शिजवा. अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिनने, म्हणजे दाण्यातल्या एका विषारी प्रथिनाने, उलट्या-जुलाब होतात. इथे मी कुणाचंही ऐकत नाही. टोमॅटो, चिंच दाणा मऊ झाल्यावरच घाला; आंबटात तो कडक राहतो.

चवळीला तीन-चार तास पुरतात. वाल मात्र मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून सोला, सालं पटापट सुटतात.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या थंडीत मोड रेंगाळतात. फडक्यात बांधून वर जाड टॉवेल गुंडाळा, दीड-दोन दिवस लागले तरी लागू द्या.

आणि छोले तासभर शिजवूनही टणक राहिले, तर बहुतेक दाणा जुना असतो. चिमूटभर सोडा टाका, पुढच्या वेळी थोडेच आणा.