फॉर्मवर सही कोणाची?

"मावशी, मी अमळनेर तालुक्यातली, वय 41. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन पौरोहित्य शिकले. आतापर्यंत 7 लग्नं लावली, सत्यनारायण तर मोजलेच नाहीत. आम्ही ब्राह्मण नाही. आता जेठांच्या पोरीचं लग्न ठरलंय, ती म्हणते काकूच लग्न लावेल. जेठ म्हणतात, बाईमाणूस लगीन लावस का कधी? लोक हसतील, आणि असं लग्न कायद्यात बसतं तरी का? मिस्टर मध्ये पडत नाहीत. नोंदणीच्या फॉर्मवर गावातल्या गुरुजींची सही घेते, ते चांगले आहेत, 500 रुपयांत करून देतात, म्हणून तसा प्रॉब्लेम कधी आला नाही. जेठांना कसं समजावू?"

जेठांना राहू दे बाजूला. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या 500 रुपयांवर अडकले.

म्हणजे बघ, मंत्र तू म्हटलेस, अर्थ तू सांगितलास, सात पावलं तू चालवलीस, धुरात डोळे तुझे चुरचुरले, आणि पुरोहिताच्या रकान्यात नाव, वय, पत्ता, सही सगळं अशा माणसाचं जो तेव्हा घरी बसून वरणबट्टी खात होता. आणि तो चांगला! अगं चांगला कसला, त्याला न येता दक्षिणा मिळतेय. त्याच्याबद्दल मला काडीचं प्रेम वाटत नाही, आणि खरं सांगू, आज तुझाही रागच आलाय. जेठ निदान तोंडावर म्हणतात की तू पुरोहित नाहीस. तू तर सात वेळा सरकारी कागदावर लिहून दिलंस.

आता कायद्याचं, कारण जेठांनी तुला त्याचाच धाक घातलाय आणि तू घाबरलीस. 1955 चा हिंदू विवाह कायदा, कलम 7. दोघांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. बस. मंत्र कोणी म्हणायचे, बाईने की बुवाने, कोणत्या जातीच्या, यावर त्यात एक ओळ नाही. ख्रिस्ती लग्नांचं वेगळं आहे, 1872 च्या कायद्याप्रमाणे तिथे दीक्षा घेतलेला धर्मगुरू नाहीतर परवाना असलेला माणूस लागतो, किंवा मग सरकारी रजिस्ट्रार. आपल्याकडे भटजीला लायसन देणारं खातंच नाही गं. गावच्या गुरुजींकडेही नाहीये, विचारून बघ.

देवळाचंही तेच. 2002 ला केरळच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विधी नीट शिकलेला असेल तर पुजारी ब्राह्मणच हवा असं काही नाही. आणि आपल्या पंढरपुरात 2014 ला विठ्ठलाच्या देवळातल्या बडवे-उत्पात पुजाऱ्यांचे वंशपरंपरेचे हक्क गेले, त्यानंतर मंदिर समितीने पूजेसाठी सगळ्या जातींकडून अर्ज मागवले, बायकांकडूनही. त्याच देवळाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून 1947 ला उपोषणाला बसलेले साने गुरुजी तुझ्याच अमळनेरला मास्तर होते, हे मी तुला सांगायला हवं का? बरं एवढं लांब कशाला, माझ्या माहेरी श्रावणात कानबाई, आपली खानदेशातली देवी, बसायची तेव्हा सगळं आजी करायची, रोटाच्या नैवेद्यापासून विसर्जनापर्यंत, तिला कोणी विचारलं नाही की तुला अधिकार कोणी दिला. आजीने विचारणाऱ्याला लाटणं दाखवलं असतं ती गोष्ट निराळी.

पण तुझी भानगड अधिकाराची नाहीच, तो तुझ्याकडे आहे, तू तो 500 रुपये भरून दुसऱ्याच्या नावावर करतेस. आणि यात त्या पोरापोरींचं काय ते बघ. उद्या एखाद्या जोडप्यात वाजलं, कोर्टात गेले, लग्न झालंच नाही म्हणाला एकजण, मग पुरोहिताला बोलावणार ना साक्षीला? ते गुरुजी उभे राहून काय सांगणार, मांडव कोणत्या दिशेला होता ते? खोटी माहिती भरलेला कागद तू सात घरांच्या कपाटात ठेवून आलीयेस. या लोकांनी तुझ्यावर विश्वास टाकून तुला पाटावर बसवलं होतं गं.

मिस्टरांबद्दल मला बोलायचं नाही. मध्ये न पडणारी माणसं मी भरपूर बघितलीत.

तर जेठांना काहीही समजावू नको. पुतणीला सांग लग्नाआधीच नोंदणीचा फॉर्म आणायला, आणि पुरोहिताच्या रकान्यात तुझं आधारवरचं पूर्ण नाव लिही, वय 41 लिही, आणि सही कर. लग्न झाल्यावर कर हं, आधी नको, नाहीतर तोही खोटेपणाच. पुतणी म्हणाली की काकू, पप्पा चिडतील, तरी सही तुझीच. सही करणार नसशील तर लग्नही लावू नको, तिला सरळ दुसरं कोणीतरी बघायला सांग.

साक्षीदार मात्र तीन लागतात त्या फॉर्मवर. त्यातला एक रकाना जेठांसाठी मोकळा ठेव, लग्न कोणी लावलं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असेलच.