ट्रेनिंग फ्लाइटमध्ये इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असताना विमान पडून दोघांचाही जीव कसा काय जातो?

तुम्ही लिहिलंय की बातमी वाचली, ट्रेनिंगचं छोटं विमान पडलं, शिकणारा मुलगा आणि इन्स्ट्रक्टर दोघंही गेले, मग अनुभवी माणूस शेजारी असून असं होतंच कसं, आणि भाच्याला पायलट व्हायचंय तर त्याला पाठवावं का. मी स्वतः फ्लाइंग शिकवतो म्हणून सांगतो. त्या अपघाताबद्दल बोलत नाही, चौकशी पूर्ण व्हायच्या आत कुणाची चूक ते ठरवणं मला पटत नाही, पण असे अपघात कसे होतात ते सांगता येईल.

कार शिकवणाऱ्याच्या पायाखाली ब्रेक असतो, चुकलं की गाडी थांबवतो. विमान हवेत थांबवता येत नाही. सेसना १५२ किंवा १७२ या छोट्या ट्रेनिंग विमानांत दोन्ही सीटना कंट्रोल असतात, पण विद्यार्थ्याची चूक निस्तरायला उंची लागते. म्हणून स्टॉल, म्हणजे नाक जास्त वर आणि स्पीड कमी झाल्याने पंखांची उचल सुटणं, हे शिकवताना आम्ही हजारो फूट वर जातो. तिथे विमान स्पिनमध्ये गेलं, म्हणजे स्टॉल होऊन गरगर फिरत खाली यायला लागलं, तरी पॉवर कमी, एलरॉन (विमान डावीउजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) न्यूट्रल, फिरण्याच्या उलट्या बाजूचा रडर (पायाने दाबायचा, नाक डावीउजवीकडे वळवणारा) आणि मग स्टिक (नाक खालीवर करायचं हँडल) पुढे, एवढं केलं की बाहेर येतं. पण या विमानांचा एका फेरीचा स्पिन आणि त्यातून सावरणं यातच साधारण १००० फूट जातात.

आता लँडिंगच्या आधीचं शेवटचं वळण बघा, बेसवरून, म्हणजे रनवेला आडव्या टप्प्यावरून, फायनलला, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, येताना उंची असते ५०० फुटांच्या आसपास. मागून वारा असला की विमान रनवेच्या रेषेच्या पुढे निघून जातं, मुलाला जास्त बँक करायची, म्हणजे विमान एका बाजूला कलवायची, भीती वाटते म्हणून तो आतल्या बाजूचा रडर दाबतो, त्याने नाक खाली जातं, म्हणून स्टिक मागे ओढतो, स्पीड आधीच कमी असतो. त्यात वळताना स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की स्टॉल होतो तो स्पीड, वाढतो, उंची राखून ४५ अंश बँक केली तर साधारण १९ टक्के आणि ६० अंशांना ४१ टक्के. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला उलटतं. १००० फूट लागतात आणि हातात आहेत ५००, तिथे शेजारी कितीही अनुभवी माणूस असू दे.

मग इन्स्ट्रक्टरने विमान आधीच स्वतःच्या हातात का नाही घेतलं, हा खरा प्रश्न. मुलाला चूक करू दिल्याशिवाय तो शिकत नाही, त्यामुळे "आय हॅव कंट्रोल" कधी म्हणायचं हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड निर्णय आहे, लवकर घेतलं तर मुलगा कच्चा राहतो आणि उशीर झाला तर संपलं. त्यात घाबरलेला मुलगा कधीकधी स्टिक इतकी घट्ट धरून बसतो की सोडवता सोडवत नाही.

टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं तरी तेच, मागे रनवेकडे वळायचा मोह होतो, पण नुसतं १८० अंश वळून भागत नाही, रेषेत यायला त्याहून जास्त वळावं लागतं आणि तेवढी उंची नसते. समोर जी मोकळी जागा दिसेल तिथे उतरायचं.

आणि दरवेळी चूक माणसाचीच असते असंही नाही हो. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचला पायपर ॲरोचा पंख हवेतच तुटला, विद्यार्थी आणि त्याची परीक्षा घेणारा दोघेही गेले. तपासात पंखाच्या स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईत, मेटल फटीगची (वारंवार ताण पडून धातू थकल्याची) चीर निघाली. अशा वेळी कॉकपिटमध्ये बसलेल्याने काय करायचं?

छोट्या विमानांत बहुतेक वेळा ब्लॅक बॉक्स नसतो, तपास करणारे अवशेषांवरूनच शोधतात. प्रोपेलरची पाती पिळवटलेली आणि त्यांवर आडवे ओरखडे असले तर आपटताना इंजिन पॉवर देत होतं असा अंदाज निघतो. याला वेळ लागतो, तोवर मेलेल्या मुलाला नावं ठेवू नका, त्याचे आईवडील ते वाचत असतात.

भाच्याला पाठवा, पण आधी स्कूलमध्ये स्वतः जा. मेंटेनन्सचे रेकॉर्ड दाखवतात का बघा, विमानात काही बिघाड लिहून दिला तर ते विमान खरंच उभं ठेवतात का हे तिथल्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, आणि लँडिंग जमत नाहीये असं वाटून गो-अराउंड केल्याबद्दल, म्हणजे न उतरता परत वर गेल्याबद्दल, कुणी ओरडतं का तेही विचारा. ओरडत असतील तर दुसरी स्कूल शोधा.