आठ टक्के साम्य आणि अनुवादित परिच्छेद

प्रश्न : माझा शोधनिबंध एका संशोधनपत्रिकेकडे पाठवायचा आहे. संगणकीय तपासणीत इतर लेखनाशी साम्य ८ टक्केच आले. त्यातले दोन परिच्छेद मी एका इंग्रजी ग्रंथातून मराठीत उतरवले आहेत. ग्रंथाचे नाव संदर्भसूचीत आहे. भाषा माझी असल्याने एवढे पुरेसे आहे ना?
– एक संशोधक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाही, पुरेसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे यालाच वाङ्मयचौर्य म्हटले आहे. त्यामुळे शब्द तुमचे असले, तरी विचार आणि त्याची मांडणी मूळ लेखकाचीच राहते. शेवटच्या सूचीतल्या नावावरून नेमके कोणते परिच्छेद त्या ग्रंथातून आले, हे वाचकाला कळत नाही. म्हणून त्या-त्या जागी लेखकाचे नाव, पृष्ठक्रमांक आणि ‘अनुवाद प्रस्तुत लेखिकेचा’ अशी नोंद द्यावी. सबंध परिच्छेद आवश्यक नसतील, तर त्यांचा आशय थोडक्यात सांगावा, पण श्रेय तेव्हाही द्यावे.

८ टक्क्यांच्या आकड्यावर विसंबू नका. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला त्या विनियमांत दंड नाही हे खरे, परंतु साम्य तपासणारी आज्ञावली (सॉफ्टवेअर) मुख्यतः आपल्या साठ्यातील मजकुराशी शब्द जुळवून पाहते; लेखकाने श्रेय दिले की नाही, याचा निवाडा तिला करता येत नाही. मराठीत तर अडचण अधिक आहे. युनिकोडपूर्व (म्हणजे अक्षरांची आजची सामायिक संकेतपद्धती येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर आपल्याला पडद्यावर मराठी दिसला, तरी संगणकाच्या लेखी ती निराळीच चिन्हे असतात, आणि नियतकालिकांचे कितीतरी जुने अंक आजही केवळ ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. अशा ठिकाणाहून उचललेला मजकूर अहवालात शून्य टक्के दिसू शकतो. उलट, रीतसर अवतरणचिन्हांत दिलेल्या कायद्याच्या कलमांमुळे निर्दोष निबंधाचा आकडा फुगू शकतो. म्हणूनच संपादकांनी आकडा पाहून निबंध स्वीकारू वा नाकारू नये. जुळलेली प्रत्येक ओळ उघडून वाचावी आणि विषय जाणणाऱ्या समीक्षकाला मूळ स्रोताविषयी स्पष्टपणे विचारावे.

माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका टिपणवहीत सुरू झाल्या आहेत. उतरवलेले वाक्य, अनुवाद आणि स्वतःचे मत एकाच शाईत, पृष्ठक्रमांकाविना लिहिले, की सहा महिन्यांनी प्रामाणिक अभ्यासकालाही त्यांतला भेद सांगता येत नाही. तुमची टिपणे मूळ ग्रंथाशी पुन्हा ताडून पाहा. आधी छापलेल्या एखाद्या निबंधातही असे परिच्छेद आढळले, तर त्या संपादकांना आपणहून पत्र लिहून दुरुस्ती छापण्याची विनंती करा.