उजवीकडचाच टर्न का फसतो?

प्रश्न : मी ४१ वर्षांची, पुण्यात राहते. गुलमर्गला दोनदा जाऊन स्कीइंग शिकले. स्नोप्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ, मागून फाकवून उतरणं) व्यवस्थित जमतो, पण पॅरलल टर्न, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळण, मारायला गेले की डावीकडे वळता येतं आणि उजवीकडे मात्र स्की सरळ खाली पळत सुटतात, मग मी घाबरून खालीच बसते. सर सांगतात गुडघे वाकवा, तेही करून झालं. नक्की चुकतंय काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, एकाच बाजूला फसतंय हे लिहिलंत ते फार बरं झालं, उत्तर त्यातच आहे. उजवीकडे वळताना बाहेरची स्की असते डावी, आणि वळणाचा बहुतेक सगळा भार त्या बाहेरच्या स्कीने घ्यायचा असतो. तुमचा डाव्या पायावर अजून भरवसा बसलेला नाही असं दिसतंय, म्हणून वजन आतल्या पायावर राहतं, डावी स्की मोकळी पडते आणि मोकळी स्की वळत नाही, उतार नेईल तिकडे जाते.

त्यात भीती वाटली की अंग आपोआप मागे जातं, खुर्चीत बसल्यासारखं, आणि स्कीची टोकं हलकी होतात. वळण तर टोकाकडूनच सुरू होतं ना! म्हणून नुसते गुडघे वाकवून भागत नाही, कंबर मागे गेली तर उलट जास्तच बिघडतं. घोटा वाकला पाहिजे. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली वळणभर जाणवली पाहिजे, ती जाणीव सुटली की समजायचं आपण मागे गेलो.

आता सराव. गंडोलाच्या, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेच्या, खालच्या सोप्या उतारांवरच करा. उतारावर उजवीकडे आडवं जा, डावी स्की खालच्या अंगाला येईल, मग उजव्या स्कीची शेपटी दोन बोटं उचला, टोक बर्फावरच राहू दे. सुरुवातीला पाय लगेच खाली येईल, येऊ दे, परत उचला. तीन आकडे मोजेपर्यंत तोल राहायला लागला की हेच टर्नच्या शेवटी करा, मग अख्ख्या टर्नमध्ये. थांबलात की मागे वळून आपलीच रेघ बघा, डावीकडची छान गोल दिसेल आणि उजवीकडची आधी सरळ खाली आलेली नि शेवटी बर्फ खरवडलेला. रेघ गोल व्हायला लागली की वेगही आपोआप आवाक्यात येतो, कारण टर्न पूर्ण झाला की स्की उताराला आडव्या होतात.

बूटही तपासा. भाड्याचे बूट घेताना आपण सैल घेतो, आरामशीर वाटतात म्हणून, पण पुढे झुकल्यावर टाच उचलली गेली तर पाय वळतो आणि स्की तशीच राहते. मोजे एकच जोडी, पातळ.

गंडोला जिथवर जातो त्या अफरवत डोंगराच्या वरच्या टप्प्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर, कुणी कितीही आग्रह केला तरी इतक्यात जाऊ नका, तिथे मशीनने दाबलेला उतार नसतो, मऊ खोल बर्फ असतो आणि हिमस्खलनाचा धोकाही. तोवर पुण्यात रोज दात घासताना डाव्या पायावर उभ्या राहा, घोटा किंचित वाकवून, आणि जमायला लागलं की डोळे मिटून.