महापे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचं स्टोअर आणि बिलिंग व्हिज्युअल फॉक्सप्रोवर (मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) चालतं. ते सरळ ओपनस्टॅकवर (स्वतःचा क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर) हलवावं का?

नको, आधी डेटा पोस्टग्रेएसक्यूएल या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये आणा, क्लाउडचं नंतर बघू. फॉक्सप्रो त्याच्या डेटाच्या (डीबीएफ) फायली नेटवर्कवरून ओढून तुमच्याच पीसीवर शोधाशोध करतं. कारखान्याच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) ते खपतं, पण फायली क्लाउडवर आणि पीसी महाप्यात राहिले तर एक बिल उघडेपर्यंत चहा पिऊन होईल. शिवाय मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच बंद केला. रबाळ्यात अशीच दोन कामं केली, त्यात खरा वेळ खाल्ला मराठी नावांनी. पार्ट्यांची नावं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर ती युनिकोडमध्ये (आजच्या प्रमाण अक्षर-संकेतात) बदलून हाताने तपासावीच लागतात. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. मग नवं ॲप कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) बांधा, म्हणजे उद्या क्लाउड बदलला तरी फारसं अडणार नाही. ओपनस्टॅक स्वतः चालवायला मात्र पूर्णवेळ माणसं लागतात. वीस-पंचवीस युजरसाठी तो हौसेचा मामला. तुमची कंपनी नोंदणीकृत असेल तर एक पथ्य: हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर हवा, तेव्हा क्लाउडचं रीजन (सर्व्हर कुठे असावा ते ठिकाण) निवडताना सीएला विचारा.